आपण सगळे आधी एकडोळे होतो

दारव्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला भ्रूणविज्ञान होतं. जीव अंड्यात किंवा आईच्या पोटात कसा घडत जातो, त्याचा अभ्यास. शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांचा आवाज बारीक होता आणि वर्ग मोठा, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसूनच ऐकावं लागायचं. पहिल्या तासाला त्यांनी हजेरी घेतली, पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "चला, प्रत्येकाने एक असा प्राणी काढा, जो गोष्टीत असतो आणि जगात नसतो."

आम्ही एकमेकांकडे बघून हसलो, पण काढायला बसलो. कोणी पंखांचा घोडा काढला, कोणी कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेला राक्षस. माझ्या शेजारणीने दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी काढला. त्यांच्या गावातल्या जुन्या देवळाच्या खांबावर तो कोरलेला होता, म्हणे. मी परी काढली, लांब केसांची, पाठीला पंख.

मॅडम बाकांमधून फिरत आल्या आणि माझ्या परीपाशी थांबल्या. "हिला हात दोन, पाय दोन आणि वर पंख दोन. सहा झाले. पाठीचा कणा असलेल्या कुठल्या प्राण्याला सहा फुटवे येताना पाहिलेत? चिमणीचे पंख म्हणजे तिचे हातच आहेत. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटं आणि त्यांच्यात ताणलेलं कातडं. तुझ्या परीला उडायचं असेल, तर तिला हात सोडावे लागतील."

"मग ती वेणी कशी घालेल, मॅडम?" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

पंखांच्या घोड्यालाही त्यांनी तेच सांगितलं. मात्र गंडभेरुंडापाशी आणि एकडोळ्या राक्षसापाशी त्यांचा चेहरा बदलला. "हे दोन होऊ शकतात," त्या म्हणाल्या. "जिवंत राहणं अवघड, पण जन्माला येऊ शकतात. कोरणाऱ्याने कधी दोन तोंडांचं वासरू पाहिलं असेल, कोणी एकडोळं कोकरू पाहिलं असेल. घाबरला असेल बिचारा." पुढचं सगळं वर्ष त्यांनी या दोन चित्रांच्या आधाराने शिकवलं. मला तो विषय इतका आवडला की परीक्षा संपल्यावरही मी त्यांच्याकडून पुस्तकं आणून वाचत असे.

एम.एस्सी. करायची फार इच्छा होती. पण शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि लग्न ठरलं. सासर पुसदच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत. घरी नवरा आणि सासूबाई. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. शेतात कापूस, सोयाबीन, तूर आणि अंगणाच्या कडेला टिनाच्या छपराखाली सासूबाईंच्या बकऱ्या. सासूबाई कामाला वाघीण आणि बोलायला कमी. त्यांनी मला कधी टाकून बोललं नाही, पण जवळही घेतलं नाही. मी त्यांना आई म्हणायचे, त्या मला सुनबाई. आमच्यात तेवढं अंतर होतं आणि ते दोघींच्याही अंगवळणी पडलं होतं.

मला सातवा महिना होता तेव्हाची गोष्ट. कापूस वेचायचे दिवस. सासूबाई आणि नवरा सकाळीच शेतात गेलेले. मी अंगणात ऊन घेत बसले होते, तर छपराखालून चितकबऱ्या बकरीचं ओरडणं ऐकू आलं. तिची वेळ झाली होती. मी पोतं घेऊन गेले, तिच्या मागे बसले, आणि थोड्या वेळाने पिल्लू माझ्या हातात आलं.

त्याला कपाळाच्या मधोमध एकच डोळा होता. मोठा, ओला, उघडा. नाकाच्या जागी काही नव्हतं. डोळ्याच्या वर मात्र मांसाची एक बारीक सोंड आली होती. खालचा जबडा पुढे, जीभ बाहेर. घाबरून मी ते पटकन पोत्यावर ठेवलं. मग वाटलं, अरे, हे तर मी पाहिलेलं आहे. मॅडमच्या पुस्तकातलं चित्र होतं ते, तेच तोंड, तीच सोंड. भीती जशी आली तशी उतरली आणि तिच्या जागी फार वाईट वाटायला लागलं, कारण ते पिल्लू तोंडाने कसाबसा श्वास घेत होतं आणि ते जगणार नाही हे मला माहीत होतं. बकरीला यातलं काही कळत नव्हतं. ती त्याला चाटत होती, दुसऱ्या कुठल्याही पिल्लाला चाटावं तशी.

शेजारच्या काकू दही मागायला आल्या आणि किंचाळून माघारी पळाल्या. मग काय, दुपार व्हायच्या आत अंगण माणसांनी भरलं. कोणी फुलं वाहिली, कोणी उदबत्ती लावली, कोणी मोबाईल वर धरून शूटिंग करत होतं. एकजण म्हणाला, देव आला. त्याच्याच बाजूचा म्हणाला, राक्षस आहे, गावाबाहेर न्या. थोड्या वेळाने दोघांनी बाजू बदलल्या. त्या सगळ्या गोंधळात पिल्लू केव्हा गेलं ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सासूबाईंना शेतात निरोप पोचला होता. त्या धावतच आल्या. ओटीत अजून वेचलेला कापूस तसाच. त्यांनी बकरीकडे पाहिलं नाही, पिल्लाकडे पाहिलं नाही, सरळ माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"तू पाह्यलं का?"

"पाह्यलं, आई. मीच काढलं त्याले."

त्या तिथंच पायरीवर बसल्या. ओटीतला कापूस खाली सांडला.

काकू मागून म्हणाल्या, "बकरी कसायाले देऊन टाक, बाई. अन् सुनेले माहेरी पाठव. पोटुशी बाईनं असं पाह्यलं, म्हणजे लेकरू कसं होईन, सांगता येते का?"

संध्याकाळी नवऱ्याने पिल्लू शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरलं. सासूबाईंनी माझ्या दंडाला काळा दोरा बांधला. मी बांधू दिला. समजावून सांगायचा प्रयत्नही केला, पण त्या म्हणाल्या, "तुह्यं बुक तुह्यापाशी ठेव, सुनबाई." त्या दिवसापासून त्या नीट जेवेनात. माझ्या पोटाकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा पाहून राग येत नव्हता. ती नुसती भीती नव्हती, आणखी काही तरी होतं, आणि ते काय हे मला कळत नव्हतं.

शेवटी मी मॅडमना फोन केला. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच. नाव सांगायच्या आत त्यांनी आवाज ओळखला. मी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडले. त्यांनी एकच विचारलं, "भीती तुला वाटते आहे का?"

"मला नाही, मॅडम. आईंना."

"मग मी आईंनाच भेटते."

मला वाटलं, धीर द्यायला बोलल्या असतील. पण रविवारी सकाळी खरंच आल्या. दारव्ह्याहून एसटी, एसटी बदलून पुन्हा एसटी आणि शेवटी काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून. साडी चुरगळलेली, हातात केळ्यांची पिशवी. नवरा खुर्ची आणायला पळाला तर म्हणाल्या, "राहू द्या. आई कुठे आहेत?"

सासूबाई चुलीपाशी कणीक मळत होत्या. पदर सावरून उठायला लागल्या, तर मॅडम त्यांच्या शेजारी खालीच बसल्या आणि वऱ्हाडीत बोलायला लागल्या. वर्गात मी त्यांना कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

"बकरीचं ऐकलं मी. तुमची बकरी बरी आहे ना?"

सासूबाईंना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "बरी आहे," त्या म्हणाल्या. "ओरडते लेकरासाठी."

"ओरडनच. आई, मी तुमाले एक सांगू का? खरं वाटणार नाही. तुम्ही, मी, ही तुमची सून, आपण सगळे आधी एकडोळे होतो."

सासूबाईंचे हात थांबले. मॅडमनी परातीतला एक गोळा घेतला, तळहातावर चपटा केला, डब्यातली हळद बोटावर घेतली आणि गोळ्यावर एक आडवी पट्टी ओढली. "पोटात जीव धरला का आधी तो असा चपटाच असते. डोळ्याची जागा एकच, अशी आडवी. मग त्याच्या खालच्या थरातून निरोप येते, का मधून बाजूला व्हा." त्यांनी पट्टीच्या मधोमध बोट दाबून कणीक सारली. पट्टीचे दोन तुकडे झाले, एक इकडे, एक तिकडे. "हे झाले दोन डोळे. तुमच्या पिल्लाच्या वेळी तो निरोप पोचला नाही. डोळा एकच राह्यला. आता नाक डोळ्याच्या मधातून खाली याले पाह्यजे. त्याले रस्ताच सापडला नाही, ते वरच अडकलं. तेच ते सोंडेवाणी दिसत होतं."

"काहून पोचला नाही निरोप?"

"ते मले इथं बसून सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "कधी आतूनच खोट राहते. कधी खाण्यात काही येते. दूर परदेशात डोंगरातलं एक झाड आहे. मेंढीनं गाभणपणाच्या सुरुवातीले नेमकं त्याच दिवसात ते खाल्लं, का पिल्लं अशी होतात. तिथल्या लोकायलेही आधी शापच वाटला असन."

सासूबाई त्या हळदीच्या दोन ठिपक्यांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अन् हिनं पाह्यलं, त्याचं काय?"

"हिले कितवा?"

"सातवा."

"मग ऐका. हिले दिवस गेल्याचं हिच्या ध्यानात आलं ना, त्याच्या आसपासच लेकराचे डोळे दोन झाले. तोंड, ओठ, बोटं, तिसरा महिना सरेपर्यंत सगळं बनून गेलं. आता ते नुसतं वाढून राह्यलं. आता हिनं काही पाह्यलं तरी बनलेलं तोंड मोडत नाही."

 नवरा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. मग सासूबाईंनी विचारलं, आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं, "ओठ कधी बनते म्हणता?"

"दुसऱ्या महिन्यात. ओठाचं डोळ्याच्या उलटं असते. डोळा एकाचे दोन होतात, ओठाचे तुकडे वेगवेगळे येतात अन् जुळतात. सगळ्यायचाच ओठ आधी फाटका असते. कोणाचा जुळाचा राहून जाते."

"दुसऱ्याच?"

"दुसऱ्याच. काहून?"

सासूबाई म्हणाल्या, "माह्या पहिल्या लेकराचा ओठ फाटका होता. टाळूलेही भोक होतं. त्याले दूध ओढता आलं नाही. ग्रहणात मी इळीवर भाजी चिरली होती. विसरली होती, ग्रहण आहे म्हणून. सासू म्हणे, तूच कापला त्याचा ओठ. मी बी तेच समजली."

"तेव्हा कितवा होता?"

"आठवा. दिवस भरत आले होते."

मॅडमनी कणकेने भरलेले त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "आई, तुम्ही इळी हातात घेतली, त्याच्या कितीतरी आधी तो ओठ तसाच होता. तुम्ही काही केलं नाही. इळीनं काही केलं नाही. ग्रहणानं काही केलं नाही."

सासूबाई मोठ्याने रडल्या नाहीत. त्यांचे खांदे हलत राहिले आणि मॅडम हात धरून बसून राहिल्या. माझा नवरा तांब्या खाली ठेवून तिथंच भिंतीला टेकून बसला. आपल्याआधी एक भाऊ झाला होता आणि गेला, एवढंच त्याला माहीत होतं. आईने त्याचं ओझं कसं वागवलं, हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला तर आता सगळंच कळलं. त्या माझ्या पोटाकडे बघून नजर का वळवत होत्या, ते. त्या मला दोष देत नव्हत्याच. मलाही कोणी जन्मभर तसा दोष देईल, याची त्यांना धास्ती होती.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड धुतलं, परत येऊन पोळ्या लाटल्या आणि मॅडमना आग्रह करकरून जेवू घातलं. स्वतःही जेवल्या. निघताना मॅडमच्या पिशवीत घरची तुरीची डाळ घातली आणि त्यांना काळीपिवळीपर्यंत सोडायला स्वतः रस्त्यापर्यंत चालत गेल्या. परत आल्या तेव्हा काकू अंगणात उभ्या होत्या. बकरीचं काय ठरलं, विचारत होत्या.

"बकरी कोठी जात नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिनं काय केलं?"

माझं बाळंतपण पुसदला झालं. मुलगी. दोन डोळे, जुळलेला ओठ, डोक्यावर भरपूर जावळ. आणि उजव्या हाताच्या करंगळीला लागून आणखी एक बोट, मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढं. नर्सने दाखवलं तेव्हा मला टेन्शन आलं. बोटाचं नाही, सासूबाईंना काय वाटेल त्याचं. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, हात उलगडला, बोट पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मॅडमले फोन लाव. विचार, याचा निरोप कधी जाते म्हणून."

मी लावला. बोटंही अशाच निरोपांवर ठरतात, मॅडम म्हणाल्या. कधी निरोप जरा जास्त पसरतो आणि एक बोट जास्तीचं फुटतं. बकरीच्या पिल्लाशी याचा संबंध जोडायचा नाही, पुष्कळ बाळांना असतं, डॉक्टर सांगतील ते करा. सासूबाईंनी ते सगळं फोनला कान लावून ऐकलं.

घरी आलो तेव्हा काकू बाळ बघायला आल्या. हात बघितला आणि सुरू झाल्या, "बाप्पा! म्हटलं नव्हतं का मी? त्या दिवशी..."

"तू लेकरू पाहाले आली का बोटं मोजाले?" सासूबाईंनी विचारलं. "लेकरू पाहाले आली असशीन तर बस, चहा ठेवते." काकू बसल्या. पुढे वर्षभराने डॉक्टरांनी ते बोट काढलं. आता त्या जागी तांदळाएवढी खूण आहे. मुलगी शाळेत जाते, आणि ती खूण मैत्रिणींना मोठ्या कौतुकाने दाखवते.

मुलगी रांगायला लागली तेव्हा एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "सुनबाई, तुह्यं ते पुढचं शिक्षण राह्यलं ना? करून टाक. पोरीले मी पाहते." मी एम.एस्सी. केलं. परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे वाचत बसायचे आणि त्या मुलीला पाठीवर घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या. आता मी पुसदच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. वर्षाच्या सुरुवातीला मुलांना गोष्टीतला प्राणी काढायला सांगते. अजूनही परी काढणाऱ्या मुली निघतात, आणि मला त्यांच्या परीचे हात काढून घ्यायचं जिवावर येतं. अलीकडे मुलं सिनेमातले ड्रॅगन काढतात. त्यांनाही पाय चार आणि वर पंख. मॅडम निवृत्त झाल्या आहेत. दिवाळीत मी आणि सासूबाई त्यांना भेटायला दारव्ह्याला जातो. मी पाया पडते. सासूबाई पडत नाहीत, त्या शेजारी बसतात, आणि दोघी बकऱ्या, पिकं, गुडघेदुखी यावर बोलत राहतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात एका घरी मुलगा झाला, फाटक्या ओठाचा. बाळाची आई माहेरून लांब, घरात सगळे गप्प. सासूबाईंना कळलं तशा त्या छत्री घेऊन निघाल्या. मीही मागोमाग गेले. बाळाची आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासूबाईंनी बाळ उचललं, वाटी-चमचा मागवला आणि तिने काढून दिलेलं दूध चमच्याने, बाळाला उभं धरून, थेंब थेंब पाजायला लागल्या. कसं धरायचं ते वाटेतच त्यांनी मला दवाखान्यातल्या नर्सला फोन करून विचारायला लावलं होतं.

"तू काही केलं नाही, माय," त्या बाळाच्या आईला सांगत होत्या. "दुसऱ्या महिन्यात जुळाचं राह्यलं, एवढंच. आता डॉक्टर जुळवून देतात."

ऑपरेशन यवतमाळला झालं. बाळाच्या आईसोबत सासूबाई स्वतः गेल्या आणि दवाखान्यातच राहिल्या. मला सुट्टी मिळाली नाही. त्या परत आल्या तेव्हा मी एसटी स्टँडवर घ्यायला गेले होते. उतरताना गुडघा धरला होता, पण चेहरा उजळलेला.

"कसं झालं, आई?"

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "दूध प्याला पोरगा. एवढा प्याला का मग झोपूनच गेला. चल, आधी चहा पाज मले, सकाळपासून घेतला नाही."

आम्ही स्टँडसमोरच्या टपरीवर बसलो. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि पहिला घोट घेऊन मला सगळं सुरुवातीपासून सांगायला लागल्या.